बाबलीचा बर्फ

बाबलीला बर्फाबद्दल कोणी शिकवायला गेलं की तो आधी हसायचा, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलायचा आणि मग चारचौघांत त्या माणसाचा पाणउतारा करायचा. मालवण बंदरावर तो चोवीस वर्षं बर्फ फोडतोय. कारखान्यातून लाद्या येतात, त्यांचा यंत्रात चुरा करायचा आणि मासळीच्या क्रेटमध्ये थर लावायचे, हे त्याचं काम. काम हमालाचं, पण रुबाब कारखानदाराचा. बांगड्याला चुरा जाड हवा की बारीक, कोळंबीला किती थर, सुरमई मडगावला जाणार असेल तर बर्फात मीठ किती मारायचं, हे तो नुसत्या बोटांनी ठरवायचा. मीठ मारलं की बर्फ आणखी गार होतो आणि मासा लाकडासारखा कडक राहतो, हे मला त्यानेच सांगितलं. "पुस्तकात नाय गावाचा तुमका ह्या," असंही वर ऐकवलं.

मी प्राजक्ता, नर्स. माहेर-सासर दोन्ही कणकवलीचं, पण नोकरीची सत्तावीस वर्षं किनाऱ्यावरच्या एका आरोग्य केंद्रात गेली. माझी जीभ तिखट आहे, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. बाबलीशी ओळख झाली तीही मी त्याला झापल्यामुळेच. लादी ओढायचा आकडा पायात घुसला म्हणून तो धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला होता. मी सिरिंज भरली, मागे वळले, तर हा सहा फुटी गडी खुर्चीवरून घसरून जमिनीवर. सुई टोचलीसुद्धा नव्हती. तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडून म्हणाला, "झाला?" त्यानंतर वर्षभर बंदरावर त्याची टिंगल होत होती, आणि ती बातमी मीच फोडली होती.

त्याची मुलगी आरोही नऊ वर्षांची असताना सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले दिसायचे. तिची आई रसिका म्हणायची, झोप जास्त झाली. मग पाय सुजले, मग शाळेत चक्कर आली. गोव्याला नेलं, तिथे कळलं की पोरीच्या दोन्ही किडन्या जन्मापासूनच लहान आणि आता थकत चाललेल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. आज ना उद्या किडनी बदलावी लागेल. रसिकाची किडनी जुळण्यासारखी आहे. पण तोवर मुलीचं रक्त कमी पडतंय, आणि ते बाहेरून चढवायची वेळ येता कामा नये. बाहेरचं रक्त अंगात गेलं की शरीर परक्याला ओळखायला शिकतं, आणि मग उद्या आईच्या किडनीलाही परकी म्हणून झिडकारू शकतं. म्हणून रक्त इंजेक्शनांनीच वाढवायचं. आठवड्यातून दोनदा, दंडाच्या कातडीखाली.

म्हणजे सगळं त्या इंजेक्शनांवर होतं. ती लागू पडली तर आईची किडनी, नाहीतर काय, हे कोणी बोललं नाही.

सुरुवातीचे दोन महिने मी त्यांच्या घरी देवबागला जाऊन टोचत होते. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र आणि मधल्या वाळूत यांचं घर. माझी स्कूटर माडाखाली थांबली की आतून आरोहीचा आवाज यायचा. रडणं नव्हे ते, गळा काढून ओरडणं. आई धरायची, आजी गंगू पाय धरायची, मी ठरलेली वाक्यं म्हणायचे, "मुंगी चावल्यासारखं होईल हं, शूर ना तू?" सत्तावीस वर्षं हेच म्हणत आले. बाबली त्या वेळी मागच्या दारी जाऊन उभा राहायचा. एकदा मी हात धुवायला मागे गेले, तर माडाला कपाळ टेकून हा हमसून हमसून रडत होता. मला बघून म्हणाला, "डोळ्यात वाळू गेली."

त्यानंतर आठ दिवसांनी तो केंद्रात आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, माका शिकवा. माझ्या हातान घेतला तर ती रडाची नाय."

मला हसूच आलं. "तू? तू तर सुई बघून आडवा होतोस."

"आडवो झालंय तर उठवा आणि परत शिकवा."

शिकवलं. आम्ही नवशिक्यांना संत्र्यावर हात बसवायला सांगतो. बाबली दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून बांगडे घेऊन आला. संत्र्याला कातडी असते पण खाली मांस नसतं, हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. चौदा बांगड्यांना त्याने मिठाचं पाणी टोचलं. पहिल्या तिघांच्या वेळी घाम फुटून खाली बसला. चौदाव्याला त्याचा हात माझ्या हातापेक्षा हलका झाला होता. माझ्या पोरी, म्हणजे शिकाऊ नर्स, हसून लोळत होत्या. मी त्यांच्यावर ओरडले, कारण मला रडू येत होतं.

मग मी त्याला औषधाची पेटी दिली. भरलेल्या सिरिंज, एकेक छोट्या कागदी खोक्यात. आणि जाता जाता, पुढचा पेशंट दारात असताना, मी म्हणाले, "बर्फात ठेव हं, विसरू नकोस."

असं आम्ही सगळ्याच म्हणतो. लसीला म्हणतो, इन्सुलिनला म्हणतो. ऐकणारा ते घरी नेऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजीशेजारी ठेवतो. 'बर्फात' म्हणजे 'थंड जागी', हे सगळ्यांना कळतं. बाबली मात्र थांबला, सुपारी गालात फिरवली आणि हसला. "सिस्टर, बर्फ माका शिकवतास?"

मीही हसले.

पुढचे चार महिने बाबलीने बंदर डोक्यावर घेतलं. इंजेक्शनाआधी तो आरोहीच्या दंडावर बर्फाचा खडा धरायचा, कातडी बधिर झाली की टोचायचा. ही युक्ती चांगलीच आहे, मीही लोकांना सांगते. आणि आरोही खरोखरच रडेनाशी झाली. डोळे मिटायची, ओठ घट्ट दाबायची आणि सुई बाहेर आली की म्हणायची, "दुखूक नाय, बाबा." हा लगेच बाहेर जाऊन शेजारच्या भाईंना सांगायचा. भाई पर्यटकांसाठी खोल्या चालवतात, तेव्हा तिथल्या मुंबईच्या पाहुण्यांनाही सांगायचा. दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना सांगायचा. "माझ्या बर्फान दुखणा पळयला. चेडू हूं की चूं करणा नाय." सुई बघून कोसळणाऱ्या त्या माणसाला कोणी चिडवेनासं झालं. मलाही त्याचा फार अभिमान वाटायचा. दुसऱ्या दोन मुलांच्या आयांना मी त्याच्याकडे बघून शिका म्हणून सांगितलं होतं.

रक्त मात्र वाढत नव्हतं.

पहिल्या तपासणीला हिमोग्लोबिन साडेसात होतं. दुसऱ्या महिन्यात सात झालं, तिसऱ्यात साडेसहा. गोव्याच्या डॉक्टरांनी दोनाची तीन इंजेक्शनं केली. आरोही जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायला लागली. ओठ पांढरे पडले. शाळा सुटली. तरी दिवसाआड बर्फाचा खडा, सुई, आणि "दुखूक नाय, बाबा."

आता मी केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला बाबलीचाच संशय आला. वाटलं, या माणसाला पोरीला टोचवत नसणार. मायेपोटी औषध वाळूत ओतत असेल आणि रडली नाही म्हणून गावभर सांगत असेल. म्हणून तर ती रडत नाही! बंदरावर, चार माणसांत, मी त्याला विचारलं, "बाबली, खरं सांग, तू इंजेक्शन देतोस की टाकतोस?"

तो तोंडातली सुपारी थुंकून निघून गेला. नेहमीसारखं हसलाही नाही. दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी तो पायरीवर बसला होता. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत चार महिन्यांच्या वापरलेल्या सिरिंज, सुईवर टोपण घालून, ओळीने लावलेल्या. "सुयो खंय टाकुच्यो नायत म्हणान तुमीच सांगलला," म्हणाला. "मोजून घेवा." मी मोजल्या नाहीत. मी "सॉरी" म्हणाले, तेसुद्धा त्याच्या डोळ्यांत न बघता.

मे महिन्यात आरोहीचं रक्त पाचावर आलं. तिला श्वास पुरेना. गोव्याला नेलं आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं तेच करावं लागलं. दोन पिशव्या रक्त चढवलं.

परत आल्यावर तिला बघायला मी देवबागला गेले. दुपार होती, इंजेक्शनाचा दिवस होता. म्हटलं, आलेच आहे तर तुझा हात तरी बघते. त्या जुन्या बोलण्याची भरपाई करायची होती मला. बाबलीने पडवीतला थर्माकोलचा खोका उघडला. मासळी न्यायचा तो खोका होता, पण त्यात मासळी नव्हती. स्वच्छ धुतलेला, बारीक चुऱ्याने काठोकाठ भरलेला. त्याने चुऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकात गुंडाळलेली सिरिंज वर काढली. मग दोन्ही तळव्यांत धरून ती चोळायला लागला.

"हे काय करतोस?"

"कडक झालला आसता. इरघळला काय देतंय."

मी ती त्याच्या हातातून घेतली. काचेच्या आत औषध पांढरं, घट्ट गोठलेलं होतं.

"रोज असंच असतं?"

"रोज. कायम कडक." आवाजात अजून थोडा अभिमान होता. "वीज जाता म्हणान भाईंच्या फ्रिजावर इस्वास नाय ठेवलंय. रोज सकाळी नवो बर्फ हाडतंय. आणि हेच्यात मीठ जास्त मारतंय, सुरमयपेक्षा जास्त. चेडवाचा औषद मा ता."

ते औषध गार ठेवायचं असतं, पण गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की ते मेलं, मग ते टोचलं काय आणि पाणी टोचलं काय. हे त्याच्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं, बारीक इंग्रजी अक्षरांत. ती खोकी बाबलीने पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. बर्फात कागदाचा लगदा होतो म्हणून.

मी पडवीच्या पायरीवर बसले. कुठल्या शब्दांत सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की माझं संपल्यावर त्याने विचारलं, "सगळी?"

"सगळी, बाबली."

"एकव लागाक नाय?"

मी मान हलवली. आतल्या खोलीत आरोही दंड उघडा करून, खुर्चीवर बसून वाट बघत होती. बाबली खाली बसला. खोक्यातल्या चुऱ्यात त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत घातले आणि तसाच बसून राहिला. रसिकाने येऊन ओढून काढेपर्यंत ते लालभडक झाले होते.

मी म्हणाले, "चूक माझी आहे. 'बर्फात ठेव' मीच म्हणाले होते."

त्याने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "सिस्टर, तुमी दुसऱ्या कोणाक सांगला असतात, तर तेना ता फ्रिजात ठेवल्यान असता. तेका बर्फ खंय म्हायत असता? माका म्हायत होतो."

मला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मला सोडून दिलं आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं. गेल्या वर्षभरात असा दिवस गेला नाही की मला ते टोचलं नाही.

नवीन औषध मी स्वतः आणलं आणि भाईंच्या फ्रिजमध्ये ठेवलं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता. पहिलं इंजेक्शन द्यायला मीच गेले. अर्धा तास आधी सिरिंज बाहेर काढून ठेवली, कारण थंडगार औषध कातडीखाली गेलं की आगीसारखं जळतं. त्याचा गारठा जाऊ दिला की तितकं जळत नाही. बाबलीने बर्फाचा खडा आणला नव्हता. तो दारात उभा होता, पण मागच्या दारी पळाला नाही. आरोहीने सवयीने डोळे मिटले, ओठ दाबले. मी टोचलं आणि सुई काढली.

तिने डोळे उघडले. दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "झाला?"

"झालं."

तिच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. "बाबा!" ती म्हणाली, "ह्या खराच दुखूक नाय!"

ती खूश होऊन बोलली होती. 'खराच' या शब्दात काय आहे हे तिला कळलं नव्हतं. बाबलीला कळलं. तो दाराची चौकट धरून उभा राहिला आणि मग बाहेर गेला.

मी आरोहीला जवळ घेतलं आणि विचारलं, "मग आधीची दुखायची?"

तिने दाराकडे बघून आवाज लहान केला. "खूप. बर्फान वयर नाय दुखायचा, पण आत आग लागायची."

"मग सांगितलं का नाहीस गो?"

"पयल्यांदा मी रडलंय तेव्हा बाबा मागल्या दारी जावन रडलो. मी बघलंय. मगे दुखूक नाय म्हणलंय तर हसलो." आणि मग, मला समजावल्यासारखं, "तेका बरा वाटायचा."

मी तिला शूर म्हणाले नाही. तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा कधी निघालेला नाही. घरी जाताना वाटेत स्कूटर थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने रडले.

पुढे रक्त वाढलं. तीन महिन्यांत ते साडेनऊ झालं, ओठांना रंग आला. आम्ही आशा धरून होतो. गणपतीनंतर गोव्याला रसिकाचं आणि आरोहीचं रक्त एकमेकांशी ताडून बघितलं. डॉक्टर भले होते, त्यांनी कोणाला दोष दिला नाही. फक्त सांगितलं की मुलीच्या अंगाने आईला ओळखायचं नाकारलंय. चढवलेल्या रक्तामुळेच असं झालं असावं. आता दुसऱ्या कोणाची तरी किडनी मिळेपर्यंत यादीत नाव घालून थांबायचं, आणि तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रसिका म्हणाली, "मी तेची आवस आसंय हो."

पहिल्या डायलिसिसच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या सुया मोठ्या असतात, आमच्या इंजेक्शनाच्या कितीतरी पट जाड, आणि एकावेळी दोन. आरोही पलंगावर पडून होती. बाबली तिच्या उशाशी स्टुलावर बसला होता. सुई बघून तो पांढरा पडला, पण त्याने पलंगाची दांडी घट्ट धरली आणि बसून राहिला. तिथली नर्स तरुण होती, प्रेमळ होती. तिने आरोहीच्या हातावर औषध चोळलं आणि म्हणाली, "तू शूर मुलगी आहेस ना? मग अजिबात रडायचं नाही हं."

आरोहीने ओठ दाबले. डोळे मिटण्याआधी तिने एकदा बापाकडे बघितलं.

बाबली उठला. दवाखान्यात तो नेहमी आमच्यासारखी भाषा बोलायचा प्रयत्न करतो, तशीच बोलायला लागला. "सिस्टर, तिला असं सांगू नका. ती माझ्यासाठी गप्प राहते." पुढचं त्याला त्या भाषेत जमेना. त्याने आरोहीचा दुसरा हात आपल्या भेगाळलेल्या हातात घेतला आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "बाय, दुखला तर रड गो. मोठ्यान रड. मी खंय जाणंय नाय."

सुई आत गेली. आरोहीचे ओठ क्षणभर तसेच मिटून राहिले. मग ते उघडले आणि ती ओरडली. बाजूच्या पलंगावरची माणसं उठून बसली. चार महिन्यांच्या मुक्या सुयांचं सगळं दुखणं तिने एकदम बाहेर काढलं, बापाच्या हातावर नखं रुतवली, दुसरी सुई गेली तेव्हा त्याला शिवी घातली. बाबली हलला नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवत प्रत्येक ओरडण्याला "होय गो, होय" म्हणत होता.